पेंढ्याची आग, कायद्याचा बंब

नरकचतुर्दशीच्या पहाटे गोव्याच्या वाड्यावाड्यांतून पेंढा भरलेले नरकासुर जळतात. हा जाळ घटकाभराचा. सूर्य वर येईपर्यंत त्याची राख होते आणि माणसे अभ्यंगस्नान उरकून फोवांच्या ताटाकडे वळतात. साधारण त्याच दिवसांत पंजाब-हरयाणाच्या सपाटीवर दुसरा पेंढा जळू लागतो आणि तो जाळ मात्र घटकाभरात विझत नाही. शेतामागून शेत पेटत जाते, धुराचे पट दिल्लीवर येऊन ठाकतात, शाळा बंद पडतात, न्यायालयात सुनावण्या होतात, एक राज्य दुसऱ्या राज्याकडे बोट दाखवते आणि सारे मिळून शेतकऱ्याकडे. पुढे वारा सुटतो, धूर विरतो आणि त्याबरोबर चर्चाही विरते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी जणू याच प्रसंगासाठी घडवून ठेवली असावी.

हे दुखणे फक्त आपल्या देशाचे, आपल्या दारिद्र्याचे आणि आपल्या शेतकऱ्याच्या तथाकथित अडाणीपणाचे, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. तो खोटा आहे. जगातील सर्वांत श्रीमंत देशाच्या एका सुपीक खोऱ्यात हेच दुखणे चाळीस वर्षे ठाण मांडून होते. तेथे जळत होता तो भाताचा पेंढा नव्हे, तर गवताच्या बियाण्याचा. त्या खोऱ्याने ही आग कशी विझवली, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे विझवायला इतका उशीर का लावला, हे आज सविस्तर सांगण्याजोगे आहे.

अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील ओरेगॉन राज्यात विलामेट नावाची नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. पश्चिमेला किनाऱ्यालगतची डोंगररांग, पूर्वेला कॅस्केड पर्वत आणि मध्ये हे लांबट खोरे. पाऊस तेथे हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. खोऱ्याच्या दक्षिण भागातील पुष्कळशी जमीन चिकण आणि सखल. हिवाळाभर तीत पाणी साचून राहते. गव्हासारख्या पिकाची मुळे तेथे कुजतात, परंतु रायग्रासच्या जातीचे गवत तग धरते. म्हणून तेथील शेतकरी गवत पिकवतो आणि तेही चाऱ्यासाठी नव्हे, तर बियाण्यासाठी. घरापुढची हिरवळ, गोल्फची मैदाने, खेळांची पटांगणे आणि गुरांची कुरणे यांसाठी लागणारे बी या खोऱ्यातून देशोदेशी जाते. सुमारे चार लाख एकरांवर हे पीक उभे असते आणि गवत-बियाण्याची जागतिक राजधानी अशी बिरुदावली ते खोरे अभिमानाने मिरवते. खाजनात कोरगुट पिकवणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला यातील मर्म वेगळे समजावून सांगायला नको. काही जमिनी अशा असतात की तेथे काय पिकवायचे हे धनी ठरवीत नाही, जमीनच ठरवते.

आता या शेतात आग आली कोठून? 1940 च्या दशकात रायग्रासवर एका बुरशीचा रोग पडला. बी वरून धड दिसे, पण पेरले तर उगवत नसे. अर्गट नावाच्या दुसऱ्या बुरशीचाही उपद्रव होता. मळणीनंतर शेतातील पेंढा आणि खुंट जाळून टाकले तर रोगाचे बीज नष्ट होते, असे तेथील कृषी महाविद्यालयाच्या तज्ज्ञांना आढळले आणि त्यांनीच शेतकऱ्यांना काडी लावण्याचा सल्ला दिला. सल्ला गुणकारी ठरला. रोग हटला, शिवाय तणाचे बी मेले, उंदीर हटले, एकरी दोन-तीन टन पेंढा एका दुपारी नाहीसा झाला आणि पुढल्या हंगामात त्याच ठोंबांना दमदार फुटवे आले. खर्च किती, तर एका काडीचा! म्हणजे काडी लावणारा तो शेतकरी अडाणी नव्हता. तो शास्त्राचे ऐकत होता. पुढे याच कारणासाठी त्याला गुन्हेगार ठरवण्यात आले, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

शास्त्राच्या या हिशेबात धूर मात्र कोणी धरला नव्हता. जुलै-ऑगस्टात कापणी झाली की खोऱ्यात हजारो एकर शेते एकाच वेळी पेटत. वर्षाचा आकडा अडीच लाख एकरांच्या घरात गेला. उत्तरेचा वारा सुटला की सारा धूर दक्षिण टोकाला, खोरे जेथे अरुंद होते तेथल्या युजीन या विद्यापीठाच्या शहरावर जाऊन कोंडत असे. 1969 च्या ऑगस्टमधील एका मंगळवारी त्या शहरात भर दिवसा अंधारून आले. राज्याचे गव्हर्नर टॉम मॅक्कॉल यांनी काही दिवसांपुरते शेते जाळण्यास मनाई केली आणि लोकांचा क्षोभ विधिमंडळापर्यंत पोहोचला. 1971 साली कायदा झाला: 1975 पासून उघड्यावर शेत जाळणे बंद.

येथे वाचकांना वाटेल, गोष्ट संपली. परंतु खरी गोष्ट येथूनच सुरू होते. कायद्याने तारीख दिली, पण त्या तारखेला शेतकऱ्याने पेंढ्याचे करायचे काय, याचे उत्तर कोणाजवळच नव्हते. शेतावरून फिरत फिरत पेंढा बंदिस्त भट्टीत जाळणारी मोठी यंत्रे बनवण्याचा घाट घालण्यात आला. त्यावर पैसा खर्च झाला, वर्षे गेली आणि यंत्रे काही शेतात टिकली नाहीत. 1975 साल उजाडले तेव्हा विधिमंडळाला आपलाच कायदा सैल करावा लागला. पर्यायावाचून घातलेली बंदी ही अशी असते. ती कागदावर कठोर आणि बांधावर हतबल ठरते. त्यानंतरची वर्षे मर्यादा, परवाने, वाऱ्याचे अंदाज आणि आज जाळावे की उद्या, या वादात गेली. शेतकरी म्हणत, आम्हांला जगू द्या. शहरवासी म्हणत, आम्हांला श्वास घेऊ द्या. दोघांचेही खरे होते आणि म्हणूनच तड लागत नव्हती.

ती लागण्यासाठी माणसे मरावी लागली. 3 ऑगस्ट 1988 रोजी आल्बनी गावाजवळ एका शेतातील आग हाताबाहेर गेली आणि धुराचा लोट शेजारून जाणाऱ्या हमरस्त्यावर पसरला. पुढचे वाहन दिसेनासे झाले. मोटारी आणि ट्रक एकमेकांवर आदळत गेले. सात जण ठार झाले, तीसहून अधिक जखमी झाले. एकोणीस वर्षे खोकल्याच्या तक्रारींनी जे झाले नाही, ते सात मृत्यूंनी काही मिनिटांत केले. हा प्रश्न आता मागे ढकलता येणार नाही हे साऱ्यांनाच कळून चुकले. लोकशाहीची ही मोठी लाजिरवाणी खोड आहे. ती अर्ज वाचत नाही, पण तिरड्या मोजते.

1991 साली जो नवा कायदा झाला तो मात्र पहिल्या कायद्याहून शहाणा होता. त्याने एका फटक्यात बंदी घातली नाही, वर्षागणिक उतरती कळा ठरवून दिली. 1998 पर्यंत मर्यादा 40,000 एकरांवर यायची होती आणि त्याशिवाय उताराच्या जमिनी व काही खास जाती यांसाठी 25,000 एकर राखून ठेवले होते. जाळणाऱ्याला एकरी शुल्क भरावे लागे आणि त्या पैशातून धुराचे नियोजन आणि पर्यायांचे संशोधन चाले. म्हणजे धुरानेच आपल्या मरणाचा खर्च उचलावा, अशी ही व्यवस्था होती. शेतकऱ्याला दरवर्षी कळत होते की पुढल्या वर्षी सवलत आणखी कमी होणार. संशोधकाला कळत होते की त्याच्याकडून उत्तर कोणत्या सालापर्यंत हवे आहे. शेवटी 2009 साली कायदा झाला आणि 2010 पासून खोऱ्यातील जाळणे जवळजवळ संपले. उत्तरेकडील डोंगरउतारांवरच्या व काही बारीक पात्यांच्या गवतांसाठी 15,000 एकरांची सूट तेवढी उरली, कारण त्या जातींना पुढल्या वर्षी फुलोरा यावा यासाठी खुंट अगदी बुडापासून साफ व्हावे लागतात आणि तीव्र उतारावर यंत्र चालत नाही. कायद्याने जमिनीपुढे एवढा विनय दाखवला, हेही त्याच्या यशाचे एक कारण आहे असे आम्ही मानतो.

मग पेंढ्याचे झाले काय? पहिला मार्ग बाजाराचा निघाला. पॅसिफिकच्या पलीकडे जपान आणि दक्षिण कोरिया येथे दुभती व मांसाची जनावरे आहेत, पण चाऱ्याला जमीन नाही. आशियातून माल घेऊन आलेले कंटेनर परतताना रिकामे जात, त्यामुळे परतीचे भाडे स्वस्त पडे. ठेकेदार शेतात येऊन पेंढ्याच्या गाठी बांधू लागले, त्या गाठी कारखान्यात पुन्हा दाबून घट्ट करू लागले आणि जो पेंढा जाळण्यासाठी शेतकरी भांडत होता तो कंटेनरमध्ये बसून समुद्रापार जाऊ लागला. पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्याला पैसा मिळाला नाही, फक्त शेत मोकळे करून मिळाले. पण त्याला हवे होते तेही तेवढेच.

दुसरा मार्ग शेतातच सापडला. गवत ज्या बुडातून पुन्हा फुटते त्यावर पेंढ्याचा जाड थर राहिला तर पीक गुदमरते, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या होती. पण तोच पेंढा यंत्राने दोन-तीनदा बारीक करून सारखा पसरला तर बहुवर्षायू रायग्रास किंवा उंच फेस्क्यू या गवतांचे बियाणे फारसे घटत नाही, असे सरकारी व विद्यापीठीय संशोधकांनी वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून दाखवून दिले. पेंढा जमिनीत कुजला तर सेंद्रिय अंश वाढतो, आणि पेंढ्याबरोबर शेताबाहेर जाणारे पोटॅश शेतातच राहते. रोगाचे म्हणाल तर ज्या बुरशीच्या भयाने आग लावली गेली, ती आवरण्याचे काम निरोगी बियाणे आणि पिकाची निगा यांवर येऊन ठेपले.

या साऱ्याला किंमत पडली नाही असे मात्र कोणी समजू नये. आच्छादलेल्या ओल्या शेतात गोगलगायी आणि उंदीर माजले. झडलेले बी जागच्या जागी उगवू लागले. त्यासाठी तणनाशकांचा मारा वाढला, आणि धूर गेला पण औषध आले अशी तक्रार रास्तपणे होऊ लागली. निर्यातीच्या मार्गातही काटे होते. हिरवळीच्या गवताला कीड लागू नये म्हणून त्यात जी बुरशी मुद्दाम वाढू दिली जाते, तीच जनावरांच्या पोटात विष होते. ओरेगॉनचा पेंढा खाऊन परदेशातील गुरे आजारी पडली तेव्हा गाठी तपासूनच जहाजावर चढवण्याची पद्धत पडली. 2015 साली पोर्टलंड बंदरातील कंटेनर वाहतूक थंडावली आणि पेंढा ट्रकांनी दूरच्या बंदरांत न्यावा लागला. 2021 साली जगभर कंटेनरची टंचाई झाली तेव्हा जहाज कंपन्या पेंढा घेण्यासाठी थांबण्याऐवजी रिकामे कंटेनरच घाईने आशियाकडे परत नेऊ लागल्या. एका गिऱ्हाइकावर आणि एका बंदरावर विसंबणे म्हणजे एका दोरीवर सारी धुणी वाळत घालणे. तरीही त्या खोऱ्याने पुन्हा काडीपेटीकडे हात नेला नाही. जळणाऱ्या अडीच लाख एकरांपासून ते पंधरा हजारांपर्यंतचा हा प्रवास आहे. त्याला 1969 पासून मोजले तर चार दशके लागली.

या चाळीस वर्षांचे तात्पर्य आम्हांला असे दिसते. बंदीला तारीख हवी आणि पर्यायालाही तीच तारीख हवी. नुसती बंदी 1975 सारखी कोलमडते आणि नुसते संशोधन कपाटात पडून राहते. दोन्ही एका गाडीला जुंपली गेली तेव्हाच गाडी चालली. दुसरे असे, की धुराचा त्रास साऱ्यांना असेल तर धूर थांबवण्याचा खर्चही साऱ्यांनी उचलला पाहिजे. हवा शहराने घ्यायची, बियाणे बाजाराने घ्यायचे आणि भुर्दंड एकट्या शेतकऱ्याने सोसायचा, हे आयजीच्या जिवावर बायजी उदार होण्यासारखे आहे.

या निकषावर उत्तर भारतातील परिस्थिती तपासून पाहावी. भाताचे पीक पंजाबच्या शेतकऱ्याने हौसेने वाढवले नाही. देशाची धान्यकोठारे भरण्यासाठी सरकारी खरेदीने ते वाढवले. भूजल खालावले म्हणून 2009 च्या कायद्याने भाताची लावणी लांबवण्यात आली. हेतू चांगला होता. परंतु लावणी लांबली तशी कापणी लांबली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करायला दोन-तीन आठवडेच उरले. कंबाइन यंत्र वरचे कणीस घेऊन जाते आणि खाली उभे खुंट व विस्कटलेला पेंढा ठेवून जाते. मजूर मिळत नाहीत, वेळ नाही, मग काडी. 2015 साली हरित लवादाने मनाई केली. 2018 पासून केंद्राने यंत्रांसाठी अनुदान दिले. व्यक्तीला निम्मे, गटांना ऐंशी टक्के. खुंटांतच गहू पेरणारे हॅपी सीडर यंत्र निघाले. 2021 साली हवेच्या गुणवत्तेसाठी कायद्याने आयोग नेमला गेला. 2024 च्या नोव्हेंबरात दंड दुप्पट झाला. दोन एकरांखालील शेतकऱ्याला पाच हजार, पाच एकरांवरील शेतकऱ्याला तीस हजार.

यातील एकही उपाय वाईट नाही. तथापि ओरेगॉनची जी दोन चाके बरोबर फिरली, ती येथे अजून वेगवेगळ्या वाटांनी फिरत आहेत. दंड दुप्पट होतो तेव्हा पेंढ्याचे गिऱ्हाईक दुप्पट झालेले असते काय? यंत्राला अनुदान मिळते, पण ते यंत्र वर्षातून वीस दिवस चालते आणि अकरा महिने अंगणात गंजते, त्याचा हप्ता कोणी फेडायचा? आणि वर्षागणिक उतरता, शेतकऱ्याला आगाऊ ठाऊक असलेला आराखडा कोठे आहे? हे प्रश्न विचारल्यावाचून शेतकऱ्याला दंड करणे म्हणजे गळके छप्पर शाकारायचे सोडून पावसाला शिव्या देणे होय.

वाचक म्हणतील, हे सारे दूरचे. आपण किनाऱ्याची माणसे, आपला त्याच्याशी संबंध काय? तो अगदीच नाही असे नाही. आपल्याकडे पेंढा हा कधीच केरकचरा नव्हता. खळ्यात मळणी झाली की उडवी रचली जाई. वर्षभर गोठ्यातील गुरे त्यावर जगत, पावसाळ्यापूर्वी छपरे त्याने शाकारली जात आणि आंब्याची अढी त्याच्याच उबेत पिकत असे. आता जोताचे बैल गेले आणि पॉवर टिलर आला. छपरावर कौले आणि पत्रे आले. कापणीला माणूस मिळेना म्हणून सरदच्या आणि वायंगणच्या शेतांतही कंबाइन उतरू लागले. म्हणजे जी कारणे पंजाबात एकत्र आली, ती लहान प्रमाणावर येथेही एकत्र येत आहेत. आमचे शेत लहान, आमचा धूर लहान, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. परंतु विलामेटच्या खोऱ्यातही पहिली काडी एकाच शेतात पडली होती, आणि तीही शहाण्यांच्या सल्ल्याने.

काम अजून आवाक्यात आहे तोवर ते करावे. जेथे सरकारी साहाय्याने कापणीयंत्र येते, तेथे त्याच्या मागोमाग गाठी बांधणारे यंत्रही आले पाहिजे. एकाला अनुदान आणि दुसऱ्याचे नाव नाही, असे होता कामा नये. ते यंत्र एकेकट्या शेतकऱ्याला परवडणार नाही; गावाने, सहकारी सोसायटीने वा कोमुनिदादीने ते ठेवावे. खाजनाचा बांध आणि मानस एकट्या शेतकऱ्याने कधी राखला नाही. साऱ्या गावकारीने मिळून राखला, म्हणूनच खारे पाणी शतकानुशतके शेताबाहेर राहिले. धुराच्या बाबतीत ही जुनी शिस्त कामाला येईल. दूधउत्पादकांना चाऱ्याची चणचण भासते. त्यांच्या संस्थांनी गावातल्या गावात पेंढ्याच्या गाठी विकत घ्याव्यात. माड-पोफळीच्या आळ्यांत पेंढ्याचे आच्छादन घालता येते, धिंगरी अळंबी त्यावर उत्तम वाढते. जुने गोवे येथे किनारी शेतीचे केंद्रीय संशोधन केंद्र आहे. खाजनातील ओल्या मातीत पेंढा लवकर कसा कुजवावा, हे तेथील तज्ज्ञांनी शेतकऱ्याच्या बांधावर येऊन दाखवावे.

आगीला बळी मागण्याची सवय असते. ओरेगॉनमध्ये सात जीव गेले तेव्हा कोठे कायदा शहाणा झाला. दिल्लीची मुले किती वर्षे तोंडाला फडके बांधून शाळेत जात राहणार, हे आम्हांला ठाऊक नाही. आपल्या शेतात मात्र अजून उडवी रचणारे हात शिल्लक आहेत. ते हात आहेत तोवर पेंढ्याला गिऱ्हाईक शोधावे आणि काडी खिशातच राहू द्यावी. जाळायचाच असेल तर वर्षातून एकदा नरकासुर आहे. त्याच्यासाठी लागेल तेवढा पेंढा आपण आनंदाने देऊ.